ऊसट्रॉली ट्रॅक्टरला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातले सर्वांत जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत, आणि पलीकडे कोल्हापूरचे कारखाने हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, रायबाग, कागवाड, अथणी, कुठल्याही रस्त्याला लागा, पुढे एक ऊसट्रॉली असतेच. ट्रॅक्टर किती एचपीचा घ्यावा यावर कट्ट्यावर तासभर वाद घालणारी मंडळी पिनेचा, म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या लोखंडी खिळीचा, विषय निघाला की चहा सांगायला उठतात. हे प्रश्न मालकांनी, चालकांनी आणि ट्रॉलीमागं चालणाऱ्या पोरांनी विचारलेले आहेत. उत्तरं गोड लागतीलच असं नाही.

ट्रॉली जोडायच्या आधी काय बघायचं?

पाच गोष्टी, आणि सगळ्या उजेडात बघायच्या. ट्रॅक्टरच्या हुकाच्या दोन्ही पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट. ट्रॉलीच्या पुढच्या, ओढायच्या दांड्याचं कडं. पिन आणि तिची खालची क्लिप. ट्रॉलीच्या टायरांतली हवा आणि चाकांचे नट. आणि दांडा जिथं ट्रॉलीच्या सांगाड्याला जोडलेला असतो तिथलं वेल्डिंग.

शेवटची जागा बहुतेक जण बघत नाहीत, कारण तिथं वाढं (उसाचे शेंडे), माती आणि ग्रीस यांचा थर बसलेला असतो. तारेच्या ब्रशनं तो खरवडून काढा. वेल्डिंगच्या कडेनं गंजासारखी तांबूस बारीक रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा चीर असते. त्यावरून नुसता वेल्डिंगचा हात फिरवून घेतला तर चीर झाकली जाते, जात नाही. चीर पूर्ण ग्राइंडरनं काढून, आतून भरून, वरून पट्टी मारून घ्यायची. हंगाम तोंडावर असताना वेल्डिंगवाल्याकडे रांग असते, म्हणून हे काम दसऱ्याच्या आत उरकावं.

जोडायची योग्य पद्धत कोणती?

जागा सपाट आणि टणक हवी. फडातच जोडायची वेळ आली तर निदान चाकोरीच्या बाहेर, जमीन वाळलेली बघून. आपल्या काळ्या रानात पाणी नुकतंच फिरलेलं असेल तर ट्रॅक्टर घसरतो, आणि जोडताना वीतभर घसरला तरी पुरे होतं.

आधी ट्रॉलीच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावा. एकाच बाजूनं लावलेला दगड म्हणजे अर्धं काम. दांड्याखाली जॅक किंवा स्टँड लावून कडं हुकाच्या उंचीला आणा. मग चालकानं ट्रॅक्टर सर्वांत खालच्या रिव्हर्स गिअरमध्ये, कमी रेसवर, सरळ रेषेत मागं घ्यायचा. सांगणारा माणूस बाजूला, चालकाला दिसेल असा, मागच्या टायरच्या बाहेर उभा. कडं हुकाच्या तोंडापर्यंत आलं की थांबायचं.

पुढचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. इंजिनचा आवाज थांबल्यावरच दुसऱ्या माणसानं मध्ये जायचं. उंची थोडी वरखाली असेल तर जॅकनं साधायची. भोकं जुळली की पिन वरून खाली घालायची, खालून क्लिप लावायची, साखळी अडकवायची, दिव्यांची वायर जोडायची, स्टँड वर घ्यायचा. मध्ये गेलेला माणूस बाहेर येऊन चालकाला दिसला की इंजिन सुरू करायचं.

दगड काढायच्या आधी एक ओढ देऊन बघा. पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून ट्रॅक्टर जेमतेम ताणायचा. पिन बसली नसेल तर ती इथंच, दगड लावलेले असताना कळलेली बरी.

आमच्याकडे दांडा धरायला माणूस मध्ये उभा राहिल्याशिवाय कडं हुकात बसतच नाही. मग करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि माणसं सगळ्यांत जास्त जायबंदी होतात तीही इथंच. चित्र डोळ्यांसमोर आणा. एक पोरगा दोन्ही हातांनी दांडा उचलून धरलेला, पाठ ट्रॉलीच्या फळीला टेकलेली, आणि ट्रॅक्टर त्याच्या अंगावर मागं येतोय. चालकाचा पाय चिखलानं माखलेला. क्लचवरून तो निसटला तर त्या पोराला सरकायला जागाच नाही. ट्रॅक्टरचं वजन दोन-अडीच टन. कमी रेसवरही त्याला माणूस लागल्याचं कळत नाही.

कडं आपोआप बसत नाही याचं कारण जवळजवळ नेहमी उंची हेच असतं. दांड्याला स्क्रू जॅक बसवून घ्या, ते काम एका टायरच्या पैशांहूनही कमीत होतं. तोवर लाकडी ठोकळे वापरा. ट्रॅक्टर दोन बोटं डावीकडे-उजवीकडे आला असेल तर तो पुढं घेऊन पुन्हा मागं आणायचा, माणसानं दांडा खेचायचा नाही. चारचाकी ट्रॉलीचा दांडा टर्नटेबलवर, म्हणजे पुढच्या चाकांसकट फिरणाऱ्या चकतीवर, फिरतो, त्यामुळं तो बाजूला सरकवावा लागतो. तो लांब पहारीनं, बाजूला उभं राहून, ट्रॅक्टर बंद असताना सरकवा.

मालकांना एक सांगणं आहे. तुमच्यासमोर चालक मध्ये माणूस उभा करत असेल आणि तुम्ही गप्प बसत असाल, तर ती तुमचीच परवानगी झाली.

चालक मराठी, हेल्पर कन्नड. मागं घेताना गोंधळ होतो.

चिकोडी-हुक्केरीकडं ‘बर्ली, बर्ली’ म्हणत ट्रॅक्टर मागं बोलावणारा आणि ‘साकु’ म्हणून थांबवणारा हेल्पर रोजचा. भाषेमुळं अडत नाही, आवाजामुळं अडतं. इंजिन सुरू असतं, वर टेप लावलेला असतो, आणि दोघंही ‘हं, हं’ करत असतात. त्या ‘हं’चा अर्थ चालू दे की थांब हे कुणालाच ठाऊक नसतं.

हातानं खुणा ठरवा. दोन्ही हात वर म्हणजे थांब. हेल्पर दिसेनासा झाला तरी थांब, मग तो विडी पेटवायला गेला असला तरी. सांगणारा एकच माणूस असावा. फडातली सगळी टोळी ओरडायला लागली की चालक कुणाचंच ऐकत नाही. आणि जोडणी होईपर्यंत टेप बंद. गाण्यांवर माझा राग नाही, पण रस्त्यावर मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही इतका मोठा आवाज लावून चालकाला काय ऐकू येतं हे त्यालाच माहीत.

पिनेऐवजी सळीचा तुकडा किंवा मोठा नटबोल्ट चालतो का?

नाही. बांधकामाची सळी वाकण्यासाठी बनवलेली असते आणि ती वाकतेच. वाकलेली सळी हुकातून निघत नाही, मग हातोडा, मग शिव्या. बोल्टचं दुखणं वेगळं आहे: आटे पाडलेला भाग मुळात कापलेला असतो, नेमका ताण तिथं आला की तो तिथून तुटतो. पिन ट्रॅक्टरच्या हुकाच्या मापाची, कडक पोलादाची, वरून डोकं असलेली आणि खाली क्लिपसाठी भोक असलेली हवी. क्लिपच्या जागी तार, खिळा, उसाचं पाचट गुंडाळून घातलेली काडी, हे सगळं मी बघितलेलं आहे. क्लिप हरवते हे मान्य; म्हणून चार जास्तीच्या क्लिपा टूलबॉक्समध्ये ठेवा.

पिन कधी बदलायची?

नवी पिन शेजारी धरून बघा. मधल्या भागाला, जिथं कडं घासतं तिथं, पिनेला कंबर पडलेली दिसली की ती भंगारात. वाकलेली असेल तर सरळ करून पुन्हा वापरू नका. कड्याचंही तसंच. गोल भोक लांबट झालं की चालताना खडखडाट वाढतो, प्रत्येक ब्रेकला दांडा मागंपुढं आदळतो, आणि तो मार पिनेवरच येतो. चालकांना हा आवाज ओळखीचा असतो, तरी ते त्यावर गाण्याचा आवाज वाढवतात.

सेफ्टी साखळी खरंच लागते, की पोलिसांना दाखवायला?

पिन तुटली तर ट्रॉली ट्रॅक्टरला सोडून जाऊ नये म्हणून साखळी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये शेतीच्या ट्रेलरची जी व्याख्या आहे तिच्यातच तो ट्रॅक्टरला दोन हुकांनी जोडलेला असतो असं म्हटलंय. म्हणजे एका सांध्यावर सगळा भार सोडायचा नाही हे कागदावरही मान्य आहे.

साखळी भरलेल्या ट्रॉलीचं वजन पेलणारी हवी. म्हशीला बांधायची साखळी दाखवण्यापुरती होते. ती पिनेलाच अडकवली तर काय उपयोग? पिन गेली की साखळीही गेली. ट्रॅक्टरच्या बाजूला ती वेगळ्या मजबूत जागी, बोल्टनं बांधलेल्या कडीत हवी. लांबी इतकी की वळणावर ताणली जाऊ नये आणि जमिनीवर घासूही नये. दोन साखळ्या असतील तर दांड्याखालून एकमेकींना ओलांडून घ्या, म्हणजे दांडा सुटला तर तो त्यांच्यावर पडेल, डांबरात रुतणार नाही.

डबल ट्रॉली असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीमध्येही साखळी. तिथला सांधा चालकाला दिसत नाही, म्हणून तिथं ती जास्त गरजेची.

दांडा ट्रॅक्टरला नेमका कुठं जोडायचा? वर जोडला तर ओढ चांगली मिळते असं म्हणतात.

हे म्हणणाऱ्याला त्या ट्रॅक्टरवर बसवू नका, त्याच्याही जिवाला धोका आहे.

ट्रॅक्टरची ओढ मागच्या चाकांतून येते आणि जोडणी मागच्या अॅक्सलच्या मध्यरेषेच्या खाली असते, तोवर ट्रॉलीचा ताण ट्रॅक्टरला जमिनीकडं दाबत असतो. तोच दांडा वर, टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा अॅक्सलच्या वर साखळी गुंडाळून जोडला, तर ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती वर उचलला जातो. पुढची चाकं हवेत, आणि पुढच्या दीड-दोन सेकंदांत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटा. सावरायला वेळच मिळत नाही. फडात रुतलेली ट्रॉली बाहेर काढताना हे हमखास घडतं, कारण तेव्हा ट्रॉली हलत नसते आणि चालक क्लच झटकन सोडतो.

म्हणून ट्रेलर हुक किंवा ड्रॉबार, कंपनीनं दिलेल्या जागी, इतकंच. थ्री पॉइंट लिंकेज, म्हणजे मागचे अवजार जोडायचे तीन दांडे, नांगर, रोटर आणि पेरणी यंत्रासाठी आहे. रुतलेली ट्रॉली आधी हलकी करा, चाकांपुढची माती काढा, पाचट पसरा, मग हळू ओढा. दुसरा ट्रॅक्टर लावायचा तर तो पहिल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या टोइंग हुकाला लावा, आणि ताणलेल्या साखळीच्या किंवा वायर रोपच्या आसपास कुणाला उभं करू नका. तुटलेली रोप चाबकासारखी येते.

चढावर पुढची चाकं उचलतात म्हणून बोनेटवर दोन पोरं बसवली तर?

ते पुढचं वजन नाही, ती माणसं आहेत. कंपनी पुढं लावायची लोखंडी वजनं देते, ती लावा. तरीही चाकं उचलत असतील तर माल जास्त झालाय.

दोनचाकी ट्रॉली चांगली की चारचाकी?

एकच ट्रॉली ओढायची असेल तर दोनचाकीचा एक फायदा आहे: तिच्या मालाचा थोडा भार दांड्यावरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो, त्यामुळं ओढ मिळते. पण माल भरायची अक्कल हवी. भार अॅक्सलच्या जरा पुढं असला पाहिजे. मोळ्या मागच्या बाजूला जास्त पडल्या तर दांडा हुकाला वर उचलायला लागतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, आणि उतारावर ब्रेक मारला तरी टायर नुसते घसरत जातात.

डबलसाठी मात्र दोनचाकीच्या मागं दोनचाकी जोडू नये. दुसरीच्या दांड्याचा भार पहिलीच्या शेपटावर येतो, शेपूट दबलं की पहिलीचा दांडा वर उचलतो, आणि ट्रॅक्टरच्या हुकावर सगळं उलटं गणित सुरू होतं. चारचाकीला हा त्रास नाही, तिचं वजन ती स्वतःच पेलते. तिचा टर्नटेबल मात्र ग्रीसशिवाय जाम होतो, आणि जाम झालेल्या टर्नटेबलची ट्रॉली वळणावर सरळ जायला बघते.

डबल ट्रॉली मागं घेता येते का?

येत नाही असंच धरून चाला. दोन सांधे असले की चार हातांत दोन्ही ट्रॉल्या दुमडतात आणि दांडा टायरवर चढतो. कारखान्याच्या यार्डात शिरतानाच बाहेर पडायची वाट बघून ठेवा. चुकलात तर मागची ट्रॉली सोडा, एकेक घ्या, मागच्याच्या शिव्या खा.

एक दोनचाकी ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रॉलीचं शेपूट जातं. नव्या चालकाला हे एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा घाम वाचतो.

घाटात ट्रॅक्टर न्यूट्रल करून उतरवला की डिझेल वाचतं. यात चूक काय?

निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा बेळगावच्या अलीकडचा वंटमुरी घाट घ्या. रस्ता रुंद आहे, चढउतार आंबोलीसारखा नाही, म्हणून चालक बिनधास्त असतो. आता हिशेब मांडा. ऊस आणि ट्रॉल्या मिळून २५ टन वजन धरलं, आणि उतार २० मीटरला १ मीटर इतकाच असला, तरी मागून ढकलणारा रेटा सव्वा टनाचा होतो. हा रेटा उतार संपेपर्यंत थांबत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात किंवा असून चालत नाहीत, त्यामुळं तो सगळा दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरनं, त्याच्या फक्त मागच्या दोन चाकांच्या ब्रेकनं रोखायचा. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. मग न्यूट्रलमधून गिअर टाकायला जावं तर तो पडत नाही, कारण वेग वाढलेला असतो.

उतार सुरू व्हायच्या आधी, वरच, गिअर खाली घ्या. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि मध्ये गिअर बदलायचा नाही. इंजिन ट्रॅक्टरला धरून ठेवतं, ब्रेक अधूनमधून दाबून सोडायचा. वाचलेलं डिझेल दोन चहांचं असतं.

वळणावर जोरात ब्रेक मारला तर ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूला ढकलते आणि दोन्ही घडी पडल्यासारखी दुमडतात. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

ब्रेकचे दोन पेडल जोडून का ठेवायचे?

शेतात एका बाजूचा ब्रेक दाबून जागच्या जागी वळता यावं म्हणून ते वेगळे असतात. रस्त्यावर चुकून एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो आणि मागचं वजन त्याला तसंच पालथं घालतं. फडातून डांबरीवर चढलात की पहिलं काम पेडलचा लॉक लावणं. दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात का हेही रिकामा ट्रॅक्टर असताना बघून घ्या.

दिवे, रिफ्लेक्टर, पट्ट्या: काय असलंच पाहिजे?

मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी चमकणारी पट्टी, चालू टेल लाइट, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर. आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. ऊस भरला की मागं लोंबणारं वाढं दिवे आणि पट्ट्या सगळं झाकून टाकतं. पहाटे हिरण्यकेशी-घटप्रभेच्या काठानं धुकं असतं तेव्हा मोटरसायकलवाल्याला समोर फक्त काळोख दिसतो. माल भरून झाला की मागून दहा पावलं लांब जाऊन बघा. दिवा दिसत नसेल तर वाढं छाटा, किंवा दिवा आणि रिफ्लेक्टरची फळी बाहेर काढून वरून लटकवा.

वर बघायलाही विसरू नका. भरलेल्या मोळ्यांची उंची आणि शेतातून गेलेली विजेची लोंबती तार यांची गाठ पडते. तार हेल्परनं काठीनं उचलून धरायची नसते. वीज कंपनीला, हेस्कॉमला, कळवून ती वर घ्यायला लावा, तोवर दुसरी वाट धरा.

रस्त्यात ट्रॉली बंद पडली तर?

शक्य तितकी डाव्या कडेला घ्या, चाकांना दगड लावा, मागं चांगल्या अंतरावर लाल त्रिकोण ठेवा, रात्री असेल तर टॉर्च घेऊन माणूस रस्त्याच्या कडेला उभा करा, रस्त्यात नाही. ट्रॅक्टरचा हँडब्रेक भरलेल्या ट्रॉल्या धरत नाही, त्यावर विसंबू नका. पुणे-बेंगळुरू महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा, जखमी कुणी असेल तर १०८ किंवा ११२.

आणि जाताना दगड उचला. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात, आणि रात्री दुसऱ्या पाळीवरून घरी जाणारा एखादा माणूस त्यावर जातो. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे इतकं नेहमीचं झालंय की त्याला कुणी अपघाताचं कारणही म्हणत नाही. दगडाऐवजी लाकडी पाचर दोरीनं ट्रॉलीलाच बांधून ठेवली तर ती विसरून राहत नाही.

माल किती भरायचा? कारखान्याच्या काट्यावर जास्त वजन आलं तरी कुणी अडवत नाही.

काटा पैसे मोजायला आहे. ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकात जे भरलेलं वजन लिहिलंय ती मर्यादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही वाहनवाल्याचाच. पण दंडापेक्षा पिनेचा विचार करा. हुक, कडं, टायर, अॅक्सल एका मापासाठी बनवलेले असतात आणि खेप वाचवण्याच्या नादात ते माप कधीच मागं पडलेलं असतं.

केए-२३ चा, म्हणजे चिकोडी आरटीओचा, ट्रॅक्टर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्याला न्यायचा. काही वेगळं लागतं का?

मोटार वाहन कायदा आणि केंद्रीय नियम दोन्हीकडं तेच आहेत. लायसन्स दोन्हीकडं चालतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदंही ग्राह्य धरली जातात. ट्रॉलीची वेगळी नोंदणी आणि तिचा नंबर मागं लिहिलेला हवा, हे बरेच जण टाळतात. लायसन्सबद्दल नेहमीची शंका असते: सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालाप्रमाणे ७,५०० किलोपर्यंत एकूण, म्हणजे मालासकट, वजनाच्या वाहतुकीच्या वाहनाला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. लायसन्सच नसलेल्या पोराला मात्र कुठलाच निकाल वाचवत नाही.

विम्यात काय बघायचं?

पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आहे का, डबल असेल तर दोन्हींचे आहेत का. आणि वापर काय लिहिलाय. स्वतःच्या शेतीसाठी म्हणून काढलेली पॉलिसी आणि भाड्यानं दुसऱ्याचा ऊस, हे जुळत नाही आणि दाव्याच्या वेळी विमा कंपनी पहिला मुद्दा तोच काढते. मडगार्डवर बसून येणारी माणसंही असाच वादाचा विषय होतात. ट्रॅक्टरला सीट एक, माणूस एक.

महामार्गावरच्या मोठ्या ट्रेलरचं जोडणं यापेक्षा वेगळं असतं का?

हो, त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. घोड्याच्या, म्हणजे पुढच्या ट्रकच्या, मागच्या अॅक्सलच्या वर एक जाड पोलादी ताट असतं आणि ट्रेलरच्या पोटाला खाली आलेली किंगपिन असते. घोडा मागं घेतला की किंगपिन ताटाच्या खाचेत शिरते आणि आतले जबडे तिला कवटाळतात. भार अॅक्सलच्या डोक्यावर येतो, त्यामुळं तो जास्त वजन स्थिरपणे पेलतो. अमेरिकेत मोठ्या पिकअपच्या हौद्यात असंच छोटं ताट बसवून फिरती घरं ओढतात.

त्यातली चूक एकच पण भयंकर असते: किंगपिन ताटाच्या वर बसते, जबड्यात जातच नाही, आणि वरवर सगळं जोडल्यासारखं दिसतं. म्हणून ट्रेलरचं पोट ताटाला टेकलंय का, मध्ये फट दिसते का, हँडल पूर्ण आत जाऊन लॉक झालंय का हे टॉर्चनं वाकून बघतात, मग ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून पुढं ओढ देऊन बघतात. ट्रेलरचे टेकूचे पाय त्यानंतरच वर घेतात. आपल्या ट्रॉलीची ओढ देऊन बघायची सवय अगदी हीच.

बोलेरो पिकअपला मागं हुक मारून छोटी ट्रॉली ओढता येईल का?

गाडीच्या पुस्तिकेत किती वजन ओढायची परवानगी आहे ते बघा. तिथं काही लिहिलेलं नसेल तर ओढू नका. गॅरेजात चॅसीला वेल्डिंग करून मारलेला हुक नोंदणीत येत नाही, आणि चॅसीचं वेल्डिंग तिथूनच चिरतं.

ट्रॉली सोडताना काय काळजी घ्यायची?

सपाट जागा, दोन्ही बाजूंनी दगड, स्टँड खाली, आणि काळ्या मातीत स्टँडखाली फळी, नाहीतर सकाळी दांडा जमिनीत गेलेला असतो. ट्रॅक्टर बंद. टिपिंगची, म्हणजे हौदा उचलून माल ओतणारी, ट्रॉली असेल तर ती खाली घेऊन, लिव्हर हलवून आतला दाब सोडून मग होज (तेलाची नळी) काढा. वायर काढा. पिन घट्ट बसली असेल तर घण घालू नका, तिच्यावर ताण आहे. माणूस बाहेर काढून ट्रॅक्टर दोन बोटं मागं घ्या, बंद करा, पिन हातानं निघते. ट्रॉली जागची हलत नाही हे बघून साखळी शेवटी सोडा.

दोनचाकी ट्रॉली भरलेली किंवा अर्धी रिकामी असताना सोडायचीच नाही. पुढच्या मोळ्या आधी उतरवल्या आणि मागच्या राहिल्या तर पिन निघताक्षणी दांडा उसळून वर येतो, आणि पिन काढणाऱ्याची हनुवटी नेमकी त्याच्या वरच असते.